बार्नी रॉस : एका ज्यू मुष्टियोद्ध्याच्या कारकीर्दीचे पुनर्वाचन

प्रस्तावना

दोन महायुद्धांच्या मधला काळ हा अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या भरभराटीचा काळ मानला जातो. याच काळात ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी या क्षेत्रात मिळवलेले स्थान आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटते. १९१० ते १९४० या तीस वर्षांत पंचवीसहून अधिक ज्यू मुष्टियोद्धे निरनिराळ्या वजनगटांत विश्वविजेते झाले. न्यूयॉर्कचा बेनी लिओनार्ड, शिकागोचा जॅकी फील्ड्स, लंडनचे टेड 'किड' लुईस आणि जॅकी 'किड' बर्ग, ट्युनिशियातून फ्रान्समध्ये आलेला व्हिक्टर 'यंग' पेरेझ ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. या मालिकेत शिकागोच्या बार्नी रॉसची (१९०९–१९६७) कारकीर्द विशेष लक्षणीय आहे. तीन वजनगटांत विश्वविजेतेपद मिळवणारा, सुमारे ऐंशी लढतींत केवळ चार वेळा पराभूत झालेला आणि एकदाही नॉकआउट न झालेला हा मुष्टियोद्धा आहे.

रॉसच्या आयुष्याविषयी बरेच लिहिले व चित्रित केले गेले आहे. मार्टिन अब्रामसन यांच्या साहाय्याने लिहिलेले त्याचे 'नो मॅन स्टँड्स अलोन' हे आत्मचरित्र १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच्या जीवनावर 'मंकी ऑन माय बॅक' हा चित्रपट निघाला. त्याआधी १९४७ मध्ये आलेल्या 'बॉडी अँड सोल' या चित्रपटाची मूळ प्रेरणा त्याचीच कथा होती. डग्लस सेंच्युरी यांनी लिहिलेले चरित्र २००६ मध्ये प्रकाशित झाले. या सर्व लेखन-चित्रणात रॉस प्रामुख्याने दोन रूपांत भेटतो : आपल्या समाजाचा मान उंचावणारा वीर आणि पतनातून वर आलेला पश्चात्तापदग्ध माणूस. ही दोन्ही रूपे खरी आहेत, पण ती अपुरी आहेत. मुष्टियुद्ध हे रॉससाठी सर्वप्रथम मजुरीचे काम होते, ही बाब या दोन्ही वाचनांत मागे पडते. रॉस या व्यवसायात का आला आणि त्याला त्यातून वेळीच बाहेर का पडता आले नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती वेगळी ठेवून पाहिल्यास त्याच्या कारकीर्दीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वडिलांचे दुकान आणि मुलाची कमाई

रॉसचे मूळ नाव डोव-बेर रोसोफ्स्की. जन्म न्यूयॉर्कचा, परंतु तो लहान असतानाच कुटुंब शिकागोला आले आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या परिसरात स्थायिक झाले. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची ही वस्ती अरुंद गल्ल्या, हातगाड्या आणि रस्त्यावरचा बाजार यांसाठी ओळखली जाई. वडील इसिडोर हे ताल्मुदचे अभ्यासक होते. धर्मग्रंथांच्या अध्ययनावर नव्या देशात पोट भरणे शक्य नसल्याने त्यांनी किराणा मालाचे छोटे दुकान चालवले. मुलाने धर्मशिक्षक व्हावे ही त्यांची इच्छा होती. विद्याव्यासंगी परंपरेत वाढलेल्या त्या पिढीच्या दृष्टीने हाणामारी हे असंस्कृत माणसांचे लक्षण होते.

रॉस चौदा वर्षांच्या आसपास असताना दुकानावर पडलेल्या दरोड्यात वडिलांची गोळ्या घालून हत्या झाली. या आघाताने आईचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. धाकट्या भावंडांची रवानगी अनाथाश्रमात आणि नातेवाइकांकडे झाली. किशोरवयीन रॉस रस्त्यावर आला. धर्मशिक्षणाकडे त्याने पाठ फिरवली, गुंड मुलांच्या संगतीत तो वावरला आणि लहानसहान कामे करून पैसे मिळवू लागला. पुढे हौशी मुष्टियुद्धाकडे वळल्यावर आईला कळू नये म्हणून त्याने नाव बदलले. स्पर्धेत मिळालेली बक्षिसे तो गहाण ठेवी आणि हाती येणारे पैसे बाजूला टाके. १९२९ मध्ये 'गोल्डन ग्लोव्ह्ज' ही प्रतिष्ठेची हौशी स्पर्धा त्याने जिंकली व त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला.

या साऱ्या धडपडीमागील हेतू आत्मचरित्रात आणि सेंच्युरी यांच्या चरित्रात सारखाच आढळतो. विखुरलेली भावंडे पुन्हा एका छपराखाली आणणे हा तो हेतू होय. व्यावसायिक कमाई सुरू झाल्यावर त्याने तो पुराही केला. पहिल्या टप्प्यातील त्याचे ध्येय घर हे होते; विजेतेपद त्या घराकडे जाणारा रस्ता होता. रॉसच्या गौरवपर चरित्रांत हा भाग येतो. पण तो करुण पार्श्वभूमी म्हणून येतो आणि पहिल्या मोठ्या विजयानंतर मागे सोडला जातो. वास्तविक तोच त्याच्या कारकीर्दीचा पाया आहे.

व्यवसायाची शिडी

रॉसचा हा वैयक्तिक अनुभव एका मोठ्या सामाजिक प्रक्रियेचा भाग होता. १९५२ मध्ये एस. किरसन वाइनबर्ग आणि हेन्री अरॉन्ड या दोन समाजशास्त्रज्ञांनी मुष्टियोद्ध्यांच्या व्यावसायिक संस्कृतीवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या व्यवसायात कोणत्या वांशिक गटाचे प्राबल्य केव्हा होते, याचा त्यांनी मागोवा घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी आयरिश मुष्टियोद्धे आघाडीवर होते. १९२८ मध्ये ज्यू पहिल्या क्रमांकावर आले. १९३६ मध्ये इटालियन पुढे गेले व ज्यू तिसऱ्या क्रमांकावर उतरले. १९४८ मध्ये कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे प्रथम क्रमांकावर आले आणि पहिल्या तीन गटांत ज्यूंचे नाव उरले नाही.

हा क्रम बोलका आहे. मुष्टियोद्धे शहरी समाजाच्या तळच्या थरातून येतात आणि तळाशी असलेला गट बदलला की रिंगणातील नावेही बदलतात. दुसऱ्या शब्दांत, १९२८ मधील ज्यूंच्या आघाडीचे कारण त्यांच्या स्वभावात किंवा रक्तात शोधण्याची गरज नाही. १९२० मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि १९२६ मध्ये इलिनॉय राज्यात व्यावसायिक मुष्टियुद्ध कायदेशीर झाले. याच सुमारास स्थलांतरितांची अमेरिकेत वाढलेली मुले वयात आली होती. शिक्षणाची आणि प्रतिष्ठित नोकऱ्यांची दारे त्यांच्यासाठी अर्धवटच उघडी होती. बाजारपेठ तयार होती, हात रिकामे होते आणि घरी पैशांची निकड होती. पुढच्या पिढीला शिक्षण, व्यापार आणि कार्यालयीन नोकऱ्या उपलब्ध झाल्या तेव्हा ज्यू तरुणांनी हा मार्ग सोडला. आपल्या मुलाने या व्यवसायात यावे, अशी इच्छा सहसा मुष्टियोद्ध्याची स्वतःची नसते, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. एखाद्या समाजातून विश्वविजेते निर्माण होणे थांबले, याचा अर्थ तो समाज दुबळा झाला असा होत नाही. बहुधा त्या समाजातील मुलांना पोटासाठी मार खाण्याची गरज उरलेली नसते.

प्रतीकाची घडण : १९३३ ते १९३५

असे असले तरी रॉसची संपूर्ण कारकीर्द आर्थिक निकडीच्या सूत्रात बसत नाही. २३ जून १९३३ रोजी शिकागो येथे टोनी कॅन्झोनेरीला दहा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवून त्याने लाइटवेट व ज्युनिअर वेल्टरवेट अशी दोन्ही विश्वविजेतेपदे मिळवली. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला झालेली पंधरा फेऱ्यांची फेरलढतही त्याने जिंकली. कौटुंबिक ध्येय आता आवाक्यात आले होते. मात्र याच वर्षी जगाची परिस्थिती बदलली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. एप्रिलमध्ये जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने ज्यू खेळाडूंवर बंदी घातली आणि एरिक झेलिग या विजेत्याला आपली राष्ट्रीय विजेतेपदे गमवावी लागली. ८ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅक्स बेअरने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला दहाव्या फेरीत पराभूत केले. बेअरच्या विजारीवर ज्यूंचे षट्कोनी ताऱ्याचे चिन्ह होते. बेअरचे ज्यूपण केवळ वडिलांच्या बाजूने व तेही अंशतः होते. पण प्रेक्षकांना प्रतीक हवे होते आणि त्यांना ते मिळाले. अवघ्या पंधरा दिवसांनी विश्वविजेता झालेल्या रॉसकडे लोकांनी त्याच नजरेने पाहिले.

१९३४–३५ मधील जिमी मॅक्लार्निनबरोबरच्या तीन लढतींनी या प्रतीकावर शिक्कामोर्तब केले. आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला मॅक्लार्निन हा अव्वल दर्जाचा मुष्टियोद्धा होता. सिड टेरिस, रूबी गोल्डस्टीन, अल सिंगर या ज्यू मुष्टियोद्ध्यांना त्याने धूळ चारली होती. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात सर्वस्व गमावून पुन्हा रिंगणात उतरलेल्या बेनी लिओनार्डलाही त्याने १९३२ मध्ये पराभूत केले होते. वृत्तपत्रांनी व आयोजकांनी या योगायोगाला वांशिक वैराचा रंग दिला, कारण वैराची तिकिटे अधिक विकली जातात. २८ मे १९३४ रोजी रॉसने विभागलेल्या निर्णयावर वेल्टरवेट विजेतेपद जिंकले. १७ सप्टेंबर रोजी, पुन्हा विभागलेल्या निर्णयावरच, ते त्याने गमावले आणि २८ मे १९३५ रोजी परत मिळवले. तिन्ही लढती पूर्ण पंधरा फेऱ्यांच्या होत्या. म्हणजे दोघांनी मिळून पंचेचाळीस फेऱ्या एकमेकांचा मार सोसला.

येथे दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. समाजाची अभिमानाची गरज खरी होती. युरोपातील बातम्या वाचणाऱ्या आणि स्वतःच्या शहरातही अवहेलना सोसणाऱ्या लोकांना रॉसच्या विजयाने धीर दिला, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच गरजेवर आयोजकांचा व्यापारही चालला होता. प्रेक्षकाला एका संध्याकाळीपुरते निर्भय वाटावे यासाठी लागणारी किंमत रॉसचे शरीर मोजत होते. शिवाय त्या निर्भयतेलाही मर्यादा होती. १९३१ मध्ये फ्लायवेट गटाचे विश्वविजेतेपद मिळवणाऱ्या व्हिक्टर पेरेझला १९४३ मध्ये ऑशवित्झला पाठवण्यात आले आणि जानेवारी १९४५ मध्ये छावणीतून काढलेल्या सक्तीच्या पायी वाटचालीत त्याचा अंत झाला. रिंगणातील विजय राजसत्तेपासून संरक्षण देऊ शकत नाही.

'बॉडी अँड सोल' : पैसा आणि अभिमान

पैसा आणि अभिमान यांचे हे नाते सर्वांत प्रगल्भपणे हाताळले ते 'बॉडी अँड सोल' या चित्रपटाने. याचे लेखन अब्राहम पोलोन्स्की यांचे आणि दिग्दर्शन रॉबर्ट रॉसेन यांचे. नायक चार्ली डेव्हिसची भूमिका जॉन गारफील्ड यांनी केली. रॉसचे चरित्र पडद्यावर आणण्याच्या कल्पनेतून हा प्रकल्प सुरू झाला. मात्र १९४६ मध्ये रॉसचे व्यसन जगजाहीर झाल्यावर त्याचे रूपांतर काल्पनिक कथेत करण्यात आले. ही तडजोड चित्रपटाच्या पथ्यावर पडली, असे माझे मत आहे. चरित्राच्या बंधनातून सुटल्यामुळेच लेखकाला रॉसच्या कथेतील मूळ प्रश्नाला हात घालता आला.

चित्रपटात चार्लीच्या वडिलांचे छोटे दुकान आहे आणि शेजारच्या बेकायदा मद्यालयावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू होतो. आई मुलाने शिकावे म्हणून आग्रही आहे. मदतीसाठी अर्ज केल्यावर चौकशीला आलेली बाई आईला घराविषयी प्रश्न विचारू लागते, तेव्हा चार्ली संतापून तिला घालवून देतो आणि पैशासाठी लढण्याचा निश्चय करतो. दारिद्र्याचा अपमान येथे मुष्टियुद्धाचे थेट कारण ठरतो. उत्तरार्धात आयोजकाशी संगनमत करून चार्ली ठरवून हरण्यास तयार झालेला आहे. अशा वेळी वस्तीतला एक दुकानदार घरी येतो आणि सांगतो की, युरोपात आपल्या लोकांना धर्मामुळे मारले जात असताना इथे आपला माणूस विजेता आहे, म्हणून लोक त्याच्यावर पैसे लावत आहेत. तो हे निर्व्याज अभिमानाने बोलतो आणि ऐकणारा चार्ली शरमतो. अभिमान आणि पैसा यांतील अंतर या छोट्या प्रसंगात जेवढे उघड होते, तेवढे कोणत्याही चरित्रग्रंथात झालेले नाही.

चित्रपटाचे आणखी एक मोल आहे. बेन चॅप्लिन हा कृष्णवर्णीय माजी विजेता यात महत्त्वाच्या भूमिकेत आहे. मेंदूला झालेल्या दुखापतीची माहिती दडवून त्याला चार्लीसमोर उभे केले जाते. वाइनबर्ग आणि अरॉन्ड यांनी पाच वर्षांनी आकडेवारीत मांडलेली शिडी येथे दोन माणसांच्या नात्यातून दिसते. एकाच्या यशाचा पाया दुसऱ्याच्या जखमेवर उभा असतो, याची जाणीव चार्लीला उशिरा होते. मात्र चित्रपटाचा शेवट काहीसा सोपा आहे, हेही नोंदवले पाहिजे. चार्ली ऐनवेळी करार मोडून जिंकतो आणि त्याचा स्वाभिमान त्याला परत मिळतो. प्रत्यक्षात रॉसपुढील पेच प्रामाणिकपणाचा नव्हताच. तो प्रामाणिकपणेच लढला. त्याचा पेच थांबावे केव्हा हा होता.

३१ मे १९३८ : थांबण्याचा प्रश्न

हेन्री आर्मस्ट्राँगविरुद्धची लढत या दृष्टीने निर्णायक आहे. आर्मस्ट्राँग हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा फेदरवेट गटाचा विजेता होता आणि तो दोन गट वर येऊन रॉसच्या वेल्टरवेट विजेतेपदाला आव्हान देत होता. सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर रॉसचे पाय थकले. उरलेला सर्व वेळ तो मार खात राहिला. परंतु लढत थांबवू देण्यास त्याने नकार दिला आणि पंधराही फेऱ्या उभ्याने पूर्ण केल्या. शेवटच्या फेऱ्यांत आर्मस्ट्राँगने हात आखडता घेतला, असे मुष्टियुद्धाच्या जगात नेहमी सांगितले जाते. त्यानंतर अठ्ठाविसाव्या वर्षी रॉसने निवृत्ती घेतली.

गौरवपर लेखनात ही लढत धैर्याची परमावधी म्हणून येते. धैर्य तेथे होतेच; प्रश्न इतकाच की, ते कोणासाठी होते? घर उभे राहिले होते, भावंडे एकत्र आली होती, विजेतेपद तर गेल्यातच जमा होते. आर्थिक निकडीच्या आधारे त्या शेवटच्या फेऱ्यांचे स्पष्टीकरण देता येत नाही. आपला माणूस खाली पडत नाही, अशी जी प्रतिमा समाजाने आणि वृत्तपत्रांनी पाच वर्षांत घडवली होती, तिला रॉस त्या रात्री जागत होता असे म्हणावे लागते. पोटाने त्याला रिंगणात आणले. प्रतिमेने त्याला तेथे धरून ठेवले. रॉसच्या कारकीर्दीची शोकात्मता या दोन प्रेरणांच्या अदलाबदलीत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आत्मचरित्रातील 'मी'

निवृत्तीनंतरचा भागही याच दिशेने जातो. बहुतेक कमाई घोड्यांच्या शर्यतींवरील जुगारात गेली. १९४२ मध्ये वयाची मर्यादा ओलांडलेली असताना रॉस मरीन दलात दाखल झाला आणि प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याचा त्याने आग्रह धरला. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकनाल येथे जखमी सहकाऱ्यांचे रात्रभर रक्षण केल्याबद्दल त्याला 'सिल्व्हर स्टार' हे शौर्यपदक मिळाले. जखमांच्या वेदनांवर दिलेल्या मॉर्फिनचे त्याला व्यसन लागले. १९४६ मध्ये त्याने स्वतःहून सरकारी यंत्रणेपुढे जाऊन केंटकीतील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात उपचार घेतले आणि काही महिन्यांत तो व्यसनमुक्त झाला. व्यसन हा गुन्हा नसून आजार आहे, ही भूमिका त्याने पुढे जाहीरपणे मांडली. त्या काळात विजेत्या खेळाडूने असे उघडपणे बोलणे हे कोणत्याही लढतीइतकेच धाडसाचे होते.

आत्मचरित्राचे शीर्षकच कोणीही एकटा उभा राहत नाही असे सांगते. सहलेखकाच्या हातून आलेल्या या ग्रंथाची घडण पतन, कबुली आणि उद्धार या परिचित क्रमाने झाली आहे. लोकप्रिय नियतकालिकांच्या वाचकाला रुचणारा असा तो साचा आहे. त्यामुळे 'मी' कोठे बोलतो आणि साचा कोठे बोलतो, हा प्रश्न सावध वाचकाला पडतो. तरीही वडिलांचा मृत्यू, घराची पांगापांग आणि आईपासून लपवलेले नाव यांविषयीच्या मजकुरात एक ओबडधोबड खरेपणा जाणवतो. तो कोणत्याही साच्यात पूर्णपणे बसत नाही, म्हणूनच विश्वसनीय वाटतो. 'मंकी ऑन माय बॅक' या चित्रपटाने मात्र व्यसनाच्या भडक चित्रणावर भर दिला. रॉसने त्याला तीव्र हरकत घेतली ती योग्यच होती. ज्या शरीराचे पूर्वी विजयासाठी प्रदर्शन झाले, त्याचेच आता पतनासाठी प्रदर्शन मांडले गेले होते. तिकीट दोन्ही वेळा प्रेक्षकाच्या हाती होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, रॉसची कारकीर्द केवळ वांशिक अस्मितेची गाथा म्हणून वाचल्यास तिच्यातील श्रम दिसेनासे होतात आणि केवळ आर्थिक निकडीचे उदाहरण म्हणून वाचल्यास १९३८ च्या त्या शेवटच्या फेऱ्यांचा उलगडा होत नाही. श्रम आणि प्रतीक यांची वाटणी कारकीर्दीच्या कोणत्या टप्प्यावर बदलली, हे पाहणे आवश्यक आहे. खेळाडूंची चरित्रे आपल्याकडे बहुधा स्फूर्तीसाठी नेमली व वाचली जातात. त्या वाचनाला एक साधा प्रश्न जोडण्याची गरज आहे : एखाद्या समाजाने आपल्या खेळाडूकडून अभिमान घेतला तेव्हा त्याची परतफेड कोणत्या रूपात केली? रॉसच्या बाबतीत टाळ्या भरपूर मिळाल्या. युद्धानंतर व्यसनाशी झुंजताना मात्र त्याला दार ठोठवावे लागले ते सरकारी रुग्णालयाचे. १९६७ मध्ये वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शिकागो येथे त्याचे निधन झाले. त्याच्या पदकांची आणि विजेतेपदांची नोंद सर्वत्र आहे. त्यांच्या बरोबरीने अनाथाश्रमातून घरी परतलेल्या भावंडांचीही नोंद आपण घेतली, तर या कारकीर्दीचे मोजमाप अधिक न्याय्य होईल.